बियाफ्राचं युद्ध तेलासाठीच झालं होतं का?

तुम्ही विचारलंय की १९६७ ते १९७० मधलं नायजेरियाचं यादवी युद्ध तेलासाठीच झालं का, आणि आज तिथे त्याचं काय उरलंय. मी इतिहासकार नाही. नायजेरियातल्या पोर्ट हारकोर्ट या तेलाच्या शहरात एका कंपनीच्या गोडाऊनचे हिशेब चार वर्षं सांभाळले, एवढाच माझा अधिकार. पण दोन्ही बाजूंचा डोळा ज्या शहरावर होता ते हेच.

माझ्या मते, माणसं मारली गेली ती तेलापायी नाही. फौजा निघाल्या तेव्हा मात्र तेलाचा नकाशा समोर होता.

१९६० ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशाचे तीन मोठे प्रांत होते. उत्तरेत हौसा-फुलानी, पश्चिमेत योरुबा, पूर्वेत इग्बो. इग्बो मंडळी शिकलेली, धंद्याला हुशार, रेल्वेपासून बाजारापर्यंत देशभर पसरलेली. जानेवारी १९६६ मध्ये काही तरुण मेजरांनी बंड केलं. पंतप्रधान बालेवा आणि उत्तरेचे नेते अहमदू बेलो त्यात मारले गेले. बंडवाले बहुतेक इग्बो, आणि पाठोपाठ सत्तेवर आलेले जनरल इरॉन्सीही इग्बो. उत्तरेने त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. जुलैत उलटं बंड झालं, इरॉन्सी मारले गेले, लष्करी अधिकारी गोवॉन सत्तेवर आले. त्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरात उत्तरेत इग्बोंची कत्तल झाली. हजारो मेले, दहा लाखांहून जास्त लोक जमेल तसे पूर्वेकडे पळाले. इथवर तेलाचा कुठे संबंध नाही.

तेल आलं वाटणीच्या वेळी. पूर्वेतल्या ओलोइबिरी गावी १९५६ मध्ये तेल लागलं होतं आणि १९५८ पासून ते परदेशी जात होतं. पूर्वेचे लष्करी गव्हर्नर ओजुक्वू वेगळं व्हायच्या बेतात आहेत हे दिसताच गोवॉननी २७ मे १९६७ ला देशाची बारा राज्यं केली, त्यात पूर्व प्रांताचे तीन तुकडे. यातली खोच बघा: इग्बोबहुल तुकड्याला समुद्रच उरला नाही. बंदर, रिफायनरी आणि पूर्वेतल्या बहुतेक विहिरी 'रिव्हर्स' राज्यात गेल्या, म्हणजे इजो, ओगोनी, इक्वेरे लोकांच्या भागात. तीनच दिवसांनी ओजुक्वूंनी पूर्वेचा स्वतंत्र देश जाहीर केला, तोच बियाफ्रा. मग शेल-बीपी या तेल कंपनीची पंचाईत. लागोस, म्हणजे तेव्हाच्या राजधानीतलं केंद्र सरकार, म्हणतं रॉयल्टी आम्हाला भरा, बियाफ्रा म्हणतं आम्हाला. कंपनीने बियाफ्राला थोडी रक्कम द्यायची तयारी दाखवली; लागोसने नाकेबंदी आणखी आवळली. जुलैत लढाईला तोंड फुटलं आणि त्याच महिन्यात सरकारी फौजेने बॉनी हे तेलाचं बंदर ताब्यात घेतलं. काठावर बसलेलं ब्रिटन मग उघडपणे लागोसला शस्त्रं देऊ लागलं. विमानं द्यायला सोव्हिएत युनियनही होतं. ऐन शीतयुद्धात हे दोघे एका बाजूला! फ्रान्स गुपचूप बियाफ्राला मदत करत होतं.

मे १९६८ मध्ये पोर्ट हारकोर्ट पडलं आणि बियाफ्राचा समुद्र संपला. पुढची दीड-पावणेदोन वर्षं मुख्यतः उपासमारीची. उली गावाजवळ रस्त्याचीच धावपट्टी केली होती, रात्री अंधारात तिथे मदतीची विमानं उतरायची. मृतांचे अंदाज पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. त्यातले बरेचसे भुकेने गेले आणि त्यात मुलं फार. १५ जानेवारी १९७० ला शरणागती झाली. गोवॉन म्हणाले, कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही.

आमच्या गोडाऊनचे स्टोअरकीपर इग्बो होते, साठीला आलेले. सगळे त्यांना 'पापा' म्हणत, ते मला 'ओगा' म्हणजे साहेब. युद्ध सुरू झालं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. जेवण झालं की मिठाची पुडी उलटी करून, कागदावर टिचकी मारून उरलेले कण तळहातावर घेत आणि चाटून टाकत. पहिल्यांदा मला हसू आलं. नंतर कळलं, नाकेबंदीत मीठ सोन्याच्या भावाने जायचं आणि कित्येक महिने त्यांच्या घरात ते नव्हतंच.

युद्धानंतर त्यांच्या वडिलांना बँकेने २० पौंड दिले. नियमच तसा होता: बियाफ्राच्या काळात खातं चालवलेलं असेल तर आधी कितीही पैसे असोत, हातात वीसच. पोर्ट हारकोर्टला परतले तर डिओबू वस्तीतल्या त्यांच्या घराच्या ओट्यावर दुसरंच कुटुंब बसलेलं. पळालेल्या इग्बोंची घरं सरकारदरबारी 'अबॅन्डन्ड प्रॉपर्टी', म्हणजे सोडून दिलेली मालमत्ता ठरली होती. जीव वाचवायला पळाले, त्याला सोडून देणं म्हणायचं! पापांनी ते घर मला गाडीतूनच दाखवलं. उतरले नाहीत.

एवढं ऐकून मी इग्बोंचा पक्ष घेऊन मोकळा झालो होतो. आमचा ड्रायव्हर ओगोनी होता. त्याने एकदा थंडपणे सांगितलं, "ओगा, आमच्या आजीला बियाफ्राच्या सैनिकांनी गावातून हलवलं, आणि नंतर लागोसवाल्यांनी तेल काढून जमीन नासवली. आम्ही कुणाचे?" विहिरी ज्यांच्या जमिनीत होत्या त्यांना दोघांनीही विचारलं नव्हतं. इसाक बोरो नावाच्या इजो तरुणाने तर फेब्रुवारी १९६६ मध्येच, बियाफ्राच्याही आधी, नायजर डेल्टाचं स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं होतं. ते बारा दिवस टिकलं. नंतर माफी मिळालेला हाच बोरो लागोसच्या बाजूने लढला आणि मे १९६८ मध्ये मारला गेला. केन सारो-विवा हे ओगोनी लेखकही युद्धात लागोसच्याच बाजूला, बॉनीचे प्रशासक. पुढे तेलाच्या प्रदूषणाविरुद्ध उभे राहिले आणि १० नोव्हेंबर १९९५ ला लष्करी सरकारने त्यांना आठ जणांसह फाशी दिली, पोर्ट हारकोर्टमध्येच.

पैशांचं म्हणाल तर, स्वातंत्र्याच्या वेळी खनिज रॉयल्टीतला निम्मा वाटा ज्या प्रांतातून तेल निघेल त्याला मिळायचा. युद्धानंतर तो घसरत ऐंशीच्या दशकात दीड-दोन टक्क्यांवर आला. आता १९९९ च्या घटनेत किमान १३ टक्के आहे.

भांडण पाट्यांवरही आहे. शहरात रूमुओला, रूमुओमासी अशी नावं दिसतात. पापा म्हणत, ही मूळची 'उमु'वाली इग्बो नावं, युद्धानंतर पुढे 'र' चिकटवला. आमचा इक्वेरे सुपरवायझर चिडायचा: नाव रूमुच होतं, इग्बोंनी 'र' खाल्ला होता. दोघं यावर तासभर भांडत आणि मग एकाच मोटारसायकलवर घरी जात.

२०१६ मध्ये पेट्रोलची टंचाई होती. तेलाच्या शहरात आम्ही जनरेटरसाठी जेरीकॅन घेऊन तीन तास रांगेत. त्याच सुमारास हवेत काजळी यायला लागली. सकाळी फरशीवरून अनवाणी चाललं की तळवे काळे. चोरून कच्चं तेल उकळणाऱ्या भट्ट्यांची ती काजळी, असं सगळेच म्हणत. रांगेत पापांनी सांगितलं की युद्धात रिफायनरी हातची गेल्यावर बियाफ्राच्या लोकांनी झाडीत अशाच लहान भट्ट्या लावल्या होत्या, आणि गाड्या त्यावर चालत.

"तेव्हा आमच्याकडे पेट्रोल होतं ओगा, मीठ नव्हतं," ते म्हणाले आणि जेरीकॅन पायाने पुढे सरकवला. "आता मीठ भरपूर आहे."