'डेडिकेटेड' म्हणजे नेमकं काय? मराठीत काय म्हणायचं?

नोकरीच्या जाहिरातीत 'डेडिकेटेड उमेदवार हवेत' आणि रेल्वेच्या बातमीत 'डेडिकेटेड फ्रेट कॉरिडॉर'. मग हा शब्द माणसाला लावायचा की वस्तूला, असं तुम्ही विचारलंय. दोघांनाही लागतो. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ देवाच्या नावाने एखादी वस्तू किंवा वास्तू वाहणे. एकदा वाहिली की ती दुसऱ्या कामाला लावायची नाही. बाकीचे अर्थ इथूनच फुटलेत.

दादरीपासून उरणजवळच्या जेएनपीटी बंदरापर्यंतचा पश्चिम कॉरिडॉर मालगाड्यांसाठी राखलेला, म्हणून डेडिकेटेड. सरकारी मराठीत त्याचं 'समर्पित' होतं आणि रुळांनी संन्यास घेतल्यासारखं वाटतं! इथे 'खास' किंवा 'स्वतंत्र' पुरे. सर्व्हर, बसची लेन, हेल्पलाइन यांनाही तेच.

माणसासाठी मात्र आपल्याकडे 'वाहून घेणे' हा अस्सल प्रयोग आहे. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ. त्यांच्याबद्दल 'स्त्रीशिक्षणाला वाहून घेतलं' असंच कोणीही म्हणेल. फूलही आपण वाहतो आणि मासिकही एखाद्या विषयाला वाहिलेलं असतं, त्यामुळे हे क्रियापद इंग्रजी शब्दाच्या अगदी शेजारून चालतं. पुस्तकाचं डेडिकेशन म्हणजे अर्पणपत्रिका. पुलाचं किंवा धरणाचं झालं तर लोकार्पण.

शब्दाची सगळी रेंज एकाच ठिकाणी बघायची असेल तर लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण वाचा. १९ नोव्हेंबर १८६३, प्रसंग सैनिकांच्या दफनभूमीच्या अर्पणाचा. जेमतेम दोन-तीन मिनिटांच्या भाषणात हा शब्द सहा वेळा येतो. आधी देश समतेच्या तत्त्वाला वाहिलेला. मग ही जमीन अर्पण करायला आपण जमलोय. पण ती आपण काय अर्पण करणार, इथे लढलेल्यांनी ते आधीच केलंय. तेव्हा जिवंत असलेल्यांनीच उरलेल्या कामाला स्वतःला वाहून घ्यावं. वस्तूपासून माणसापर्यंतचा सगळा प्रवास त्यात आहे.

जवळचे दोन शब्द गोंधळ करतात. 'डिव्होटेड'मध्ये माया आणि भक्ती असते, म्हणून नवरा डिव्होटेड. 'डेडिकेटेड हजबंड' म्हटलं की बिचारा संसारात ड्यूटी करतोय असं वाटतं. 'कमिटेड'मध्ये शब्द दिल्याची, बांधिलकीची छटा.

राहिलं व्याकरण. 'डेडिकेटेड' नंतर 'टू' येतं आणि त्यापुढे क्रियापद असेल तर ते 'इंग' लावून: 'शी इज डेडिकेटेड टू टीचिंग', 'टू टीच' नाही. बायोडेटात नुसतं 'आय ॲम डेडिकेटेड' लिहिणारे ढिगाने असतात. कशाला, ते 'टू'च्या पुढे लिहा.