वाचकांचे प्रश्न : क्लब नक्की कुठल्या साली सुरू झाला?

प्रश्न : आमच्या छोट्या शहरातल्या हौशी रेडिओ क्लबचा सुरुवातीचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलंय. नोंदणीचं साल कागदावर आहे, पण जुने सभासद म्हणतात त्याच्या बरंच आधीपासून मंडळी जमायची. हाताशी आहे फक्त एक फाटकं लॉगबुक (झालेल्या संपर्कांची नोंदवही), एक मोर्स की (मोर्सचे संकेत वाजवायची कळ) आणि खोकंभर क्यूएसएल कार्डं (रेडिओवर संपर्क झाल्याची खूण म्हणून समोरचा पाठवतो ती), त्यातल्या बऱ्याच कार्डांवर तारीख-महिना आहे पण सालच नाही. काय करू?

उत्तर : आधी एक विनंती, त्या खोक्यातली कार्डं आहेत त्याच क्रमाने राहू द्या, देशवार वगैरे लावायला जाऊ नका. पुढची-मागची कार्डं बहुतेक वेळा एकाच सुमारास आलेली असतात, तो क्रम मोडला की एक पुरावा कायमचा गेला.

आता सालाचं. कार्डावरचा छापील भाग आणि हाताने लिहिलेला भाग वेगवेगळा वाचायचा, कारण हॅम लोक, म्हणजे हौशी रेडिओवाले, शेकड्याने कार्डं छापून घेतात आणि ती वर्षानुवर्षं पुरवतात, त्यामुळे छापील मजकुरावरून साल ठरवलं की फसायला होतं. हाताने लिहिलेलं बघा. सिग्नलचा रिपोर्ट, म्हणजे तो कसा ऐकू आला त्याचे आकडे, ५९९ किंवा ५७९ असा तीन आकडी असेल तर ते कार्ड १९३४ च्या आधीचं असूच शकत नाही, कारण स्पष्टता, जोर आणि सूर यांना एकेक आकडा देणारी आरएसटी पद्धतच त्या वर्षी आली, त्याआधी क्यूएसए आणि आर असे दोन वेगळे आकडे द्यायचे. (फोनवर, म्हणजे बोलून केलेल्या संपर्काला आजही दोनच आकडे देतात, तेव्हा ५९ दिसलं म्हणून लगेच जुनं समजू नका.) १५ मीटर बँड (त्या तरंगलांबीचा पट्टा) हॅमना १९४७ च्या अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेत मिळाला, आणि ३०, १७, १२ मीटर हे तिन्ही १९७९ च्या परिषदेत, म्हणजे बँड बघितला तरी खालची मर्यादा कळते. फ्रिक्वेन्सी लिहिताना किलोसायकल-मेगासायकल जाऊन किलोहर्ट्झ-मेगाहर्ट्झ आलं ते १९६० नंतर हळूहळू, पण जुन्या माणसांची सवय लवकर जात नाही म्हणून हा पुरावा मी कच्चाच धरतो. हॅमच्या कॉलसाइनच्या (परवान्याबरोबर मिळणाऱ्या अक्षर-आकड्यांच्या ओळखीच्या) सुरुवातीची देशाची अक्षरं १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत ठरली, त्याआधीचे कॉलसाइन नुसते आकड्याने सुरू व्हायचे किंवा पुढे हॅमनी आपापसात ठरवलेलं अक्षर असायचं.

कार्ड थेट पोस्टाने आलं असेल तर शिक्का बघा, भिंगाखाली साल निघतं कधीकधी. ब्युरोमार्फत, म्हणजे सगळ्यांची कार्डं गोळा करून वाटणाऱ्या केंद्रामार्फत, गठ्ठ्याने आलेल्या कार्डावर शिक्का नसतो. मग जुन्या कॉलबुकांमधे शोधायचं, त्यात कॉलसाइनसमोर नाव-पत्ता असतो, आणि तो माणूस त्याच पत्त्यावर कुठल्या आवृत्तीपासून कुठल्या आवृत्तीपर्यंत दिसतो ते बघितलं की चार-पाच वर्षांची खिडकी मिळते. कार्डावरची वेळ बहुतेकदा जीएमटीत असते हे विसरू नका, तुमचं घड्याळ ग्रीनविचच्या पुढे असेल तर पहाटेचा संपर्क कार्डावर आदल्या तारखेचा दिसेल, आणि स्थानिक वेळेने लिहिलेल्या लॉगशी तो जुळत नाही म्हणून चांगलं कार्ड बाद केलं जातं.

पण खरं सांगू का, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं त्या लॉगबुकात आहे. पानं उलटताना अक्षराकडे बघा. तारीख, वेळ, कॉलसाइन, रिपोर्ट, सगळं एकाच हाताचं चाललंय, आणि मग एखाद्या पानावर कॉलसाइन तोच पण अक्षर बदललेलं दिसतं, तिथे थांबा. एकाचा हात कीवर होता आणि शेजारी बसून दुसरा लिहीत होता, त्या खोलीत त्या रात्री दोघं होते. मोर्स एकट्याने शिकणं तेव्हा अवघड होतं हो, एकाने वाजवायचं आणि दुसऱ्याने ऐकून उतरवायचं, परीक्षेला बसायचं तर स्पीड लागायचा आणि स्पीडसाठी रोज समोर माणूस असला की बरं पडायचं. शिवाय व्हॉल्व्ह कुणाकडे, मीटर कुणाकडे, चाळीस मीटर बँडचा डायपोल अँटेना म्हणजे सुमारे वीस मीटर तार, ती वर ताणायची तर दोन टोकांना दोन माणसं हवीतच. छोट्या ठिकाणचे क्लब असेच तयार झाले, अध्यक्ष-सेक्रेटरी नंतर आले.

मोठ्या संस्थांचंही वेगळं नाही. १९१४ मधे अमेरिकेत हार्टफर्डच्या हायरम पर्सी मॅक्सिम यांना जवळच्याच स्प्रिंगफील्डला निरोप द्यायचा होता, त्यांचा सिग्नल तिथवर पोचेना, मग मधल्या विंडसर लॉक्सच्या हौशी माणसाने तो घेऊन पुढे दिला. त्यावरून मॅक्सिमनी असे निरोप पुढे देणाऱ्यांची संघटना काढायची कल्पना हार्टफर्डच्या रेडिओ क्लबसमोर मांडली आणि त्यातून अमेरिकन रेडिओ रिले लीग उभी राहिली. निरोप आधी पोचला, लीग मागून आली.

तेव्हा इतिहासात दोन्ही सालं लिहा, नोंदणीचं आणि ते दुसरं अक्षर दिसतं तेव्हाचं, आणि त्या पानाचा फोटो शेजारी छापा. जुन्या सभासदांना घरी जाऊन लॉगबुक दाखवा, अक्षर कुणाचं ते ओळखणारं कुणीतरी अजून असेल, आणि हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका. लॉगमधे मधली काही वर्षं कोरी दिसली तर घाबरू नका, दुसऱ्या महायुद्धात बहुतेक देशांनी हौशी प्रक्षेपण बंदच केलं होतं. क्लबच्या कॉलसाइनचा परवाना जिथे क्लबच्या नावाने न देता एका जबाबदार व्यक्तीच्या नावाने देतात, तिथे सरकारी नोंदीत क्लबचं नाव न सापडता त्या माणसाचं सापडतं, तेही शोधा.

प्रश्न : "हॅम" हा शब्द हायमन, आल्मी आणि मरे या तिघांच्या आद्याक्षरांवरून आला हे खरं का?

उत्तर : नाही, ती दंतकथा आहे, कितीही ठिकाणी छापून आली तरी. तारखात्यातले व्यावसायिक ऑपरेटर कच्च्या हाताच्या ऑपरेटरला हॅम म्हणायचे, वायरलेस आल्यावर तोच शब्द त्यांनी हौशी मुलांना चिडवायला वापरला आणि मुलांनी तो आपला म्हणून घेतला.