वसईतल्या चर्चमध्ये निर्णय फादर घेतात की लोक?

कायद्याने शेवटचा शब्द धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चखालच्या भागाच्या) प्रमुख धर्मगुरूंचाच. १९८३च्या कॅनन लॉनुसार, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार, पॅरिश कौन्सिलचं (धर्मग्रामाच्या मंडळाचं) मत हा फक्त सल्ला, आणि बिशपांना गरज वाटली तरच ती नेमायची. आर्थिक समिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात सक्तीची. पैशाचा कारभार एकट्या फादरांनी बघू नये म्हणून.

पण व्यवहारात? लोकांना न विचारता एखाद्या फादरांनी सणाचा खर्च किंवा दुरुस्ती रेटली, तर वर्गणी मागताना कळतंच! शिवाय फादरांची काही वर्षांनी बदली होते, गावकरी तिथेच राहतात.

महिन्याचं चक्र तसं ठरलेलं: रविवारची मराठी मिस्सा (चर्चमधला मुख्य प्रार्थनाविधी), पहिल्या शुक्रवारी येशूच्या पवित्र हृदयाची भक्ती, आजाऱ्यांना घरी कम्युनियन (मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर). माझ्या मते खरी चर्चा मिस्सा सुटल्यावर आवारात होते, मीटिंगमध्ये नाही.