मातीतले सूक्ष्मजीव खरंच एवढे महत्त्वाचे असतात, की हा नुसता जिवाणू खतांच्या बाटल्या खपवायचा धंदा आहे?

दोन्ही. बाटल्यांचा धंदा जोरात आहे, आणि सूक्ष्मजीवांवाचून शेतीच काय, जंगलही उभं राहत नाही. देवराईत दरवर्षी एवढा पाला पडतो, कुणी उचलत नाही, तरी ढीग साचत जात नाही. बुरशी आणि जिवाणू तो कुजवून त्यातलं अन्न झाडांना परत देतात. हवेत 78 टक्के नत्र (नायट्रोजन) असून झाडाला ते थेट घेता येत नाही, त्यासाठीही जिवाणूच लागतात. सोयाबीनच्या मुळावरची गाठ नखानं फोडून बघा, आत गुलाबी दिसली की समजा काम चालू आहे.

हे शाळेतही शिकवतात. खरी गंमत त्यांना खायला काय मिळतं यात आहे, आणि त्यावरून आमच्या घरात अजून भांडण आहे.

आमचं शेत वाळवा तालुक्यात. वाटण्या व्हायच्या आधी उसाच्या खोडव्याचं (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाचं) पाचट, म्हणजे वाळलेला पाला, जाळायचं नाही म्हणून मी हटून बसलो. थोरले चुलते, आबा, नाही-होय करत तयार झाले. बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट सरीत दाबलं. आता त्यावर युरिया आणि सुपर फॉस्फेट विस्कटून पाणी द्यायचं. पण सोसायटीचं कर्ज आबांच्या नावावर आणि खताच्या खोलीची किल्ली त्यांच्या करगोट्याला. म्हणाले, "कचऱ्याला कोण खत घालतंय व्हय रे?" विषय संपला.

खोडवा पिवळा पडला. पडणारच होता. पाचटात एका भाग नत्रामागे 80 ते 100 भाग कर्ब (कार्बन) असतो. एवढा कर्ब पचवायला सूक्ष्मजीवांना नत्र लागतं, पाचटात ते पुरेसं मिळत नाही, मग ते मातीतलं उचलतात. पंगतीत ते आधी बसतात, ऊस मागच्या पंगतीला. पुढं ते मरतात तेव्हा ते नत्र उसाला परत मिळतं, पण तोवर धीर कुणाला! आबांनी गावभर केलं, "पोराच्या पाचटानं ऊस घालवला." आजही लग्नात भेटले की तेच. युरियाच्या किल्लीचा भाग मात्र कधी सांगत नाहीत.

वाटणीनंतर माझ्या हिश्शात मी काडी लावलेली नाही. पावसाळ्यात या, पाचट उचलून दाखवतो. खाली बुरशीचे पांढरे तंतू, गांडुळांनी टाकलेली रवाळ माती, आणि उसाची पांढरी मुळं वर येऊन त्या कुजलेल्या थरातच शिरलेली. पहिल्या पावसाचा येतो तो वास तिथं बारमाही. तोही जिवाणूंचाच, ॲक्टिनोमायसिट्सचा.

आगीत सगळे जिवाणू मरतात असं भाषणात सांगतात, ते काही खरं नाही. वरच्या थरातले मरतात आणि पुन्हा येतातही. पण हेक्टरी आठ-दहा टन खाणं धूर होऊन गेलेलं असतं, ते परत येत नाही. म्हणून मातीतला सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्याच्या खाली असलेल्या रानात बाटली ओतणं म्हणजे पैसे पाटात सोडणं. आधी खायला घाला. शिवाय बाटली पिकानुसार लागते. सोयाबीनचं रायझोबियम (मुळावर गाठी करणारे जिवाणू) हरभऱ्याला चालत नाही, हे दुकानदार सांगणार नाही. बियाण्याला बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी, आणि सुकवायचं सावलीत. उन्हात ठेवलेली बाटली फुकट मिळाली तरी घेऊ नका.

एक राहिलं. पाणी साचणाऱ्या भारी काळ्या रानात आधी चर काढा. हवा नसली की पाचट नीट कुजत नाही आणि नत्र वायू होऊन उडून जातं. उंदरांचाही थोडा त्रास होतो, तो धरून चाला.

तुमचं अंगण किंवा गच्ची असेल तर पालापाचोळा जाळू नका, एवढंच पुरे. ऊस असेल तर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन (कल्चर), पाचटावर टाकून लगेच पाणी. नंतरचं खत पहारीनं भोक पाडून बुडख्याशेजारी. हेच आकडे मी आबांच्या मुलालाही पाठवलेत. त्यानं यंदा पाचट ठेवलंय. शेजाऱ्याच्या ठिबकच्या नळ्या बांधालगत आहेत म्हणून काडी लावता येत नाही, असं आबांना सांगितलंय.