वाचकांचे प्रश्न : लघवी गळण्याचा त्रास आणि परवडणारे पॅड

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या असून हिंडत्याफिरत्या आहेत. मात्र खोकताना आणि उठून न्हाणीघरापर्यंत पोहोचेतो त्यांची थोडी लघवी गळते. जुन्या सुती साडीच्या घड्या वापरून मांड्यांना पुरळ आले आहे आणि भजनी मंडळात जाणे त्यांनी बंद केले आहे. दुकानातून आणलेल्या डायपरमध्ये त्यांना उकडते, शिवाय महिन्याचा खर्चही झेपत नाही. काय वापरावे? – एक वाचक, जि. सांगली

उत्तर : आपल्या वर्णनावरून सासूबाईंना दिवसा डायपरची गरज दिसत नाही. ज्यांची लघवी थोडी थोडी गळते त्यांना नेहमीच्या निकरमध्ये चिकटवायचे, खास लघवीसाठी बनवलेले पॅड पुरते. ते पातळ असल्यामुळे साडीवरून कळत नाही आणि सहसा डायपरपेक्षा स्वस्त पडते. पाळीचे पॅड मात्र त्याऐवजी वापरू नयेत, कारण ते सावकाश येणाऱ्या रक्तस्रावासाठी केलेले असतात आणि एकदम आलेली लघवी त्यांच्या कडेने बाहेर पडते.

किती शोषणारे पॅड लागेल, हे घरीच मोजता येते. कोरडे पॅड पिशवीत घालून काट्यावर तोलावे आणि काही तासांनी काढलेले पॅड तशाच पिशवीत पुन्हा तोलावे. जितके ग्रॅम वाढले तितके मिलिलिटर साधारणपणे धरावे. दोन-तीन दिवस असे केल्यावर नेमकी गरज कळते आणि जाडजूड पॅडसाठी विनाकारण पैसे जात नाहीत. एकावर एक दोन पॅड ठेवण्याचा उपयोग होत नाही, कारण वरच्या पॅडखालचे प्लास्टिक ओल खाली जाऊच देत नाही.

रात्रीसाठी किंवा लांबच्या प्रवासासाठी निकरसारखे ओढून घालायचे डायपर ठेवावे. चिकटपट्ट्यांचे डायपर प्रामुख्याने अंथरुणाला खिळलेल्यांच्या सोयीचे असते. माप घेताना कंबर आणि नितंब दोन्ही मोजून मोठ्या आकड्याप्रमाणे साइज निवडावी. त्याहून मोठे घेतले की मांडीपाशी फट राहते आणि तेथूनच गळते; घातल्यावर मांडीजवळची झालर बोटाने बाहेर काढावी. पाकिटाची किंमत नगांच्या संख्येने भागूनच स्वस्त-महाग ठरवावे आणि पहिल्यांदा लहान पाकीट घ्यावे. जनऔषधी केंद्रातही प्रौढांच्या डायपरची चौकशी करावी. बिछान्यावर धुता येणारे अंडरपॅड टाकले, तर रोज चादर धुण्याचे कष्ट वाचतात.

ओली घडी त्वचेला चिकटून राहत असल्यामुळे पुरळ आले असण्याचा संभव आहे. पॅड बदलताना कोमट पाण्याने धुऊन, न घासता टिपून कोरडे करावे आणि झिंक ऑक्साइडचे मलम अगदी पातळ लावावे. व्हॅसलिनचा जाड थर पॅडला लागला की त्याची शोषण्याची ताकद कमी होते.

लघवी गळते म्हणून पाणी तोडणे चुकीचे आहे, कारण दाट लघवीने मूत्राशय चाळवते आणि बद्धकोष्ठता होऊन गळती वाढते. वय झाले की असे व्हायचेच, हे मी मानत नाही. खोकताना गळणाऱ्या लघवीवर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने पुष्कळ वेळा फरक पडतो. मात्र ते फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून सुमारे तीन महिने नेमाने करावे लागतात. त्याआधी डॉक्टरांकडून लघवी व साखर तपासून घ्यावी आणि चालू असलेली औषधे त्यांना दाखवावीत. जळजळ, ताप किंवा लघवीत रक्त दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.