वाचकांचे प्रश्न : बोल्ट नेमका किती आवळायचा?

प्रश्न : बाइकचं ऑइल बदललं की ड्रेन बोल्टपाशी (इंजिनच्या तळाचा, ऑइल काढायचा बोल्ट) थेंब जमायचा, म्हणून दर वेळी थोडा जास्त आवळत गेलो. आता बोल्ट नुसताच फिरतो. गॅरेजवाला म्हणतो, क्रँककेसच (इंजिनचं खालचं कवच) बदलावी लागेल. (कोथरूड)

क्रँककेसचं एवढ्यात बोलू नका. बोल्ट काढा आणि त्याच्या आट्यांत निरखून बघा. पांढुरक्या धातूचं बारीक वेटोळं अडकलेलं दिसलं, तर क्रँककेसचे आटे निघालेत. बोल्ट पोलादी आणि भोक अ‍ॅल्युमिनियममध्ये, त्यामुळे जोराजोरीत हरतं ते भोकच. अशा भोकात लेथवाला हेलिकॉइल बसवून देतो : जुने आटे ड्रिलने काढायचे, मोठा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारायचा आणि स्टीलच्या तारेचे नवे आटे आत बसवायचे. बोल्ट मूळ मापाचाच राहतो. जुना बोल्ट सोबत न्या, कारण व्यासाइतकीच आट्यांची पिचही (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर) जुळावी लागते. टॅप सरळच गेला पाहिजे. तिरका गेला तर बोल्टचं डोकं एकाच कडेला टेकतं आणि गळती पुन्हा सुरू होते. टॅपला ग्रीस लावायला सांगा, म्हणजे बराचसा चुरा त्यातच चिकटतो. काम झाल्यावर थोडं स्वस्त ऑइल वरून ओतून खालून जाऊ द्या आणि मगच बोल्ट लावा.

मूळ गळती मात्र सैल बोल्टमुळे नव्हती, वॉशरमुळे होती. तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर एकदा दबला की कडक होतो. पुढच्या वेळी तो दोन पृष्ठभागांमधल्या बारीक खाचा भरू शकत नाही, मग कितीही आवळा. पुण्यात नाना पेठेत तो किरकोळ किमतीत मिळतो, दर ऑइल बदलीला नवा घाला. वॉशर टेकतो ती जागा फडक्याने पुसून नखाने चाचपा. तिथे चर लागला तर नवा वॉशरही गळणार.

लावताना बोल्ट आधी उलटा फिरवा. आटे एकमेकांत बसल्याचा हलका 'टक' जाणवला की सुलटा फिरवायला लागा. पहिले तीन-चार फेरे बोटांनीच. बोटांनी जात नसेल तर आटे तिरपे धरलेत, तिथे पाना लावायचाच नाही. एम 12 च्या (आट्यांचा व्यास 12 मिलिमीटर) ड्रेन बोल्टला साधारण 20 ते 30 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. मॅन्युअल किलोग्रॅम-मीटरमध्ये असेल तर 9.8 ने गुणा.

प्रश्न : टॉर्क रेंच (ठरवलेला टॉर्क आला की क्लिक होणारा पाना) घेतला, 40 ते 200 न्यूटन-मीटरचा. इंजिनच्या साइड कव्हरचा 10 नंबरचा बोल्ट तक्त्याप्रमाणे 45 वर आवळत होतो, क्लिक व्हायच्या आधीच तुटला. रेंच खराब आहे का? (हडपसर)

रेंच बहुधा ठीक आहे, आकडा चुकीच्या ओळीतला घेतलाय. गॅरेजमध्ये '10 नंबर' म्हणजे पान्याचं, अर्थात डोक्याचं माप. तक्त्यातला एम 10 म्हणजे आट्यांचा व्यास. 10 च्या पान्याचा बोल्ट बहुतेक वेळा एम 6 असतो आणि त्याला 10 न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतात. तुम्ही चौपटीहून जास्त मागितले. 12 किंवा 13 च्या पान्याचा बोल्ट सहसा एम 8 असतो, त्याला साधारण 20 ते 25.

तुमचा रेंच 40 च्या खाली जातच नाही, म्हणून कव्हरच्या कामाला तो उपयोगाचा नाही. पाव इंची ड्राइव्हचा (सॉकेट बसतो तो चौकोनी खुंट पाव इंचाचा) 5 ते 25 चा वेगळा घ्या. एरवीही कमाल आकड्याच्या खालच्या पाचव्या हिश्श्यात क्लिक रेंचवर फारसा भरवसा ठेवू नये. मूठ मधोमध धरा, सावकाश ओढा, आणि एकदा क्लिक झाला की थांबा. खात्रीसाठी म्हणून दोन-तीनदा क्लिक करणारे दर वेळी बोल्ट थोडा पुढे नेतात. काम संपल्यावर आकडा किमान खुणेवर आणून ठेवा, आणि बोल्ट सोडवायला हा रेंच वापरू नका.

तुटलेल्या तुकड्याला घाबरू नका. डोकं गेलं की ताणही गेलेला असतो. कव्हर उतरवल्यावर तुकडा बाहेर डोकावत असेल तर अनेकदा पकडीने सहज फिरतो.

प्रश्न : पावसाळ्यात बोल्ट गंजतात म्हणून सगळ्या आट्यांना ग्रीस लावून आवळतो. बरोबर ना? (धनकवडी)

सरसकट नाही. तुम्ही लावलेल्या जोरातला दहावा हिस्साच बोल्ट ताणण्यात जातो. बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात खर्ची पडतो. ग्रीसने घर्षण घटतं आणि त्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. मॅन्युअलमधले आकडे, वेगळं लिहिलेलं नसेल तर, स्वच्छ आणि कोरड्या आट्यांचे असतात. जिथे ऑइल किंवा ग्रीस लावायला सांगितलंय तिथला आकडा ते धरूनच दिलेला असतो. पलीकडे बंद असलेल्या भोकात ग्रीस भरू नका : बोल्ट पिस्टनसारखा दाब देतो आणि अ‍ॅल्युमिनियम तडकू शकतं. ब्रेक डिस्कच्या बोल्टना तर ग्रीस नकोच. तिथे मॅन्युअल सांगेल ते थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा आट्यांचा गोंद), तेही जुना थर खरवडून, आटे पुसून कोरडे केल्यावर. सिंहगडाच्या चिखलातून आलात तर आवळण्याआधी आटे ब्रशने साफ करा. माती अडकली की उलटा घोळ होतो : क्लिक होतो, पण बोल्ट सैलच राहतो.

प्रश्न : टॉर्क रेंच नाही. चेन ताणल्यावर मागच्या चाकाचा नट अंदाजाने आवळला तर चालेल? (वाकड)

घरी येण्यापुरतं चालेल. हिशेब सोपा आहे : टॉर्क म्हणजे जोर गुणिले पान्याची लांबी. समजा मॅन्युअलमध्ये 60 न्यूटन-मीटर आहे आणि पाना 25 सेंटिमीटरचा आहे, तर टोकाशी साधारण 24-25 किलोचा जोर हवा. जोर पान्याला काटकोनात द्या. पान्यावर पाय देऊन उभे राहिलात तर त्याच्या दुप्पट-तिप्पट जातो. नट आवळताना चाक पुढे सरकून चेन पुन्हा ढिली होते, म्हणून आवळून झाल्यावर ताण परत मोजा. नटला स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी, टोकं वाकवायची पिन) असेल तर ती नवीच घाला.