गावातल्या बागकाम मंडळात दर महिन्याला पाहुणा बोलावून काही फायदा होतो का?

तुम्ही विचारलंय की गावात परसबागेचं मंडळ काढलंय, दर महिन्याला कोणी जाणकार बोलावावा का, की लोक नुसते चहा पिऊन घरी जातात. आम्ही वरुड तालुक्यातल्या आमच्या गावात वर्षभर हाच उद्योग केला म्हणून सांगतो. चहा पितातच, पण फायदाही होतो, फक्त तारीख पाहुण्याच्या सोयीने ठरवू नका, झाडाच्या सोयीने ठरवा.

आम्ही सुरुवातीलाच घोळ घातला. माती परीक्षणवाले साहेब आले ऑगस्टमध्ये, तोपर्यंत सगळ्यांच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, खत पडून गेलेलं, बरबटी (चवळी) मांडवावर चढलेली, आणि ते सांगतात नमुना उन्हाळ्यात घ्या, खत टाकायच्या आधी, व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा करून. आता काय घेता!

मग कोहळ्याचं. कळ्या धरतात अन् पिवळ्या पडून गळतात ही प्रत्येक घरची रड, म्हणून शेजारच्या गावच्या एका काकूंना बोलावलं, तेही दुपारी चार वाजता. कोहळ्याची फुलं दुपारपर्यंत मिटून जातात, दाखवणार काय? काकू म्हणाल्या, "सकाळी सातले या माह्या वाडीत." गेलो. त्यांनी नर फूल तोडलं, पाकळ्या काढून टाकल्या, आणि मधला पिवळा दांडा मादी फुलात हलकेच फिरवला. मादी फूल ओळखायचं कसं तर फुलाच्या खाली बोराएवढं कोहळं असतं. दोन मिनिटांचं काम, पण वर्षभरात लोकांच्या सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते हेच.

बोर्डो पेस्ट, म्हणजे झाडाच्या बुंध्याला लावायचा मोरचूद-चुन्याचा लेप, तो शिकवणारा मात्र वेळेवर आणला, मृगाच्या आधी, कारण इथं घरामागं दोन-चार संत्र्याची झाडं असतातच आणि डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) काही सोडत नाही. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, हे प्रमाण सगळ्यांना पाठ होतं, पण आमच्यातले अर्धे जण मोरचूद लोखंडी बादलीत भिजवत होते! प्लास्टिकचीच बादली घ्यायची. त्यांनी तयार पेस्टमध्ये घासलेला विळा बुडवून दाखवला, पात्यावर तांबूस थर चढला म्हणजे चुना कमी पडला, अजून टाका. तेव्हापासून आमच्याकडं विळा बुडवल्याशिवाय कोणी पेस्ट लावत नाही.

फसलेलं पण सांगतो. शहरातून एक गच्चीवरच्या बागेचे तज्ज्ञ आले, प्रोजेक्टर घेऊन, दीड तास कोकोपीट. शेवटी एका आजीनं विचारलं, "बापा, मातीच माती आहे आमच्याकडं, नारळाचा भुसा कायले इकत घ्याचा?" त्यांचा दोष नाही म्हणा, आम्हीच आधी सांगायला पाहिजे होतं की इथं गच्ची नाही, काळी जमीन आहे, उन्हाळ्यात भेगा पडते.

आता आम्ही आधी लोकांचे चार-पाच प्रश्न पाहुण्याला फोनवर सांगून ठेवतो आणि मगच तारीख घेतो. शाल-श्रीफळ बंद केलं, पेट्रोलचे पैसे आणि गोडनिंबाचं (कढीपत्त्याचं) रोप देतो. मेमधली बैठक सकाळी सातलाच, निंबाखाली, नऊनंतर 45 डिग्रीच्या उन्हात कोणी थांबत नाही.

आणि हो, काकूंना यंदा परत बोलावलंय, ढेमसांसाठी.